अंगठा लावण्याआधी दोन प्रश्न



देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आले होते आणि टेंभलीच्या रंजना सोनवणे यांना पहिला आधार क्रमांक मिळाला. पुढे रेशन, रोजगार हमीची मजुरी, लाडक्या बहिणीचे दीड हजार, सगळं आधारला जोडलं गेलं. आज आपला अंगठा ही बँक खात्याची किल्ली आहे. म्हणून ही किल्ली कशी जपायची, ते आज समजून घेऊ.

गावातल्या मिनी बँकेत किंवा बाजाराच्या दिवशी सेवा केंद्रात आपण पैसे काढतो. तिथे तीनच गोष्टी लागतात: आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा. एटीएमसारखा पिन लागत नाही, मोबाईलवर ओटीपीही येत नाही. एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत रक्कम निघू शकते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बँकेची शाखा लांब पडते, त्यामुळे ही सोय फार कामाची आहे. बहुतेक केंद्रचालक सरळ काम करतात. पण एखादा लबाड निघाला, तर तो म्हणतो, "अंगठा उठला नाही, परत लावा." आपण परत लावतो. पहिल्यांदाच पैसे निघालेले असतात आणि ते आपल्या हातात येत नाहीत. किंवा "फक्त शिल्लक बघतो" म्हणून अंगठा घेतात आणि रक्कम काढतात.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत दोन प्रश्न पाठ करून घेतो. अंगठा लावण्याआधी विचारायचं, "कशासाठी?" आणि "किती?" त्यानंतर मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघायचा. वाचता येत नसेल तर शिकलेली मुलगी किंवा गटातली ताई सोबत न्यायची. अंगठा उठला नाही असं सांगितलं, तरी पावती मागायची. व्यवहार फसला, तरी त्याची पावती निघते. आपल्याकडे डोंगरात रेंज नसते, मेसेज उशिरा येतो. तेव्हा हातातली पावती हाच खरा पुरावा. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या.

आता फोनवरच्या फसवणुकीकडे येऊ. "तुमचा हप्ता अडकलाय, केवायसी करायची आहे, आलेला नंबर सांगा," असा फोन येतो. बोलणारा गोड मराठीत बोलतो, योजनेचं नाव बरोबर सांगतो. तो नंबर म्हणजे ओटीपी, म्हणजेच आपली सही. कोणी विचारेल, "ताई, लाडकी बहीण योजनेच्या केवायसीलाही ओटीपी लागतोच ना?" लागतो. पण तो आपण स्वतः किंवा आपल्या डोळ्यांसमोर सरकारी वेबसाइटवर भरायचा असतो. त्या वेबसाइटच्या पत्त्याचा शेवट 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबायची नाही. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगायचा नाही, मग तो स्वतःला बँकेचा साहेब म्हणो की पोलीस.

आपल्याकडच्या बऱ्याच बायका ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे नवं सिम घेतात आणि जुनं रिचार्जविना बंद पडतं. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते. मग आपल्या खात्याचे मेसेज आणि ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातात. नंबर बदलला की बँकेत आणि आधार केंद्रात लगेच बदलून घ्या.

झेरॉक्स देतानाही तोच पहिला प्रश्न विचारा, "कशासाठी?" झेरॉक्सवर आडवी रेघ मारून काम आणि तारीख लिहा. जास्तीची प्रत मशीनजवळ सोडू नका. ज्या मैत्रिणी पैसे नेहमी शाखेतूनच काढतात, त्यांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. ते आधार केंद्रात किंवा एम-आधार ॲपवर होतं. मात्र लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही. रेशन घ्यायच्या वेळी ते उघडावं लागतं, हे लक्षात ठेवा.

आणि एवढं करूनही पैसे गेलेच तर? लाजून घरात बसू नका. नवरा रागावेल, लोक हसतील म्हणून बाई गप्प राहते आणि चोराला वेळ मिळतो. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. लवकर कळवलं तर चोराच्या खात्यातली रक्कम थांबवता येते. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे, की चूक ना आपली ना बँकेची, बाहेरच्याच कुणी पैसे काढले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण तक्रार केली, तर नुकसान आपल्यावर पडत नाही. आपणच ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर गेलेला पैसा मात्र बँकेची जबाबदारी. दोन्ही वेळेला लवकर सांगणारीचाच फायदा.

पुढच्या बैठकीत कर्ज-बचतीचा हिशोब झाला की प्रत्येकीचं पासबुक काढा आणि एकेक ओळ मिळून वाचा. १९३० हा नंबर बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या मावशी पैसे काढायला एकट्या निघाल्या, तर गटातल्या एकीने त्यांच्यासोबत जा. त्यांच्या वतीने ते दोन प्रश्न तुम्ही विचारा.