जुनी गाडी, चालती गाडी (भाग ७) : किल्ली फिरते, सेल्फ लागत नाही

मागच्या भागात बॅटरी आणि अर्थिंग पाहिलं. ते दोन्ही ठीक आहे, दिवे लख्ख लागतात, आणि तरी किल्ली फिरवल्यावर नुसता 'टक्' होऊन गाडी गप्प बसते. अशा वेळी मिस्त्री म्हणतो, "लॉक सेट टाका." मग इंदूरहून दारांच्या, डिकीच्या कुलपांसकट पूर्ण सेट येतो. बहुतेक वेळा एवढ्याची गरज नसते.

जुन्या ॲम्बॅसॅडरमध्ये किल्ली डॅशबोर्डवर असायची, स्टिअरिंगशी तिचा काही संबंध नव्हता. मारुती ८०० मध्ये ती स्टिअरिंग कॉलमवर आली आणि गुंता वाढला. देवासकरांना हे समजायला सोपं जाईल. १९४८ पर्यंत एकाच गावात थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे असे पवारांचे दोन राजे नांदत होते. त्या लॉकच्या एका घरातही असेच दोन कारभार आहेत. पुढे किल्लीचं बॅरल आणि कॉलमच्या खाचेत शिरणारी लोखंडी पिन. मागे, वायरींच्या बाजूला, तांब्याच्या पट्ट्यांचा विजेचा स्विच. बिघाड कोणाकडे आहे ते आधी ठरवा, पैसे नंतर काढा.

किल्ली फिरतच नसेल तर दोष पुढच्या बाजूला. पण आधी चाक फुटपाथला टेकलंय का ते बघा. टेकलं असेल तर पिन खाचेत दाबली जाते आणि किल्ली घट्ट बसते. एका हाताने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा, सुटेल. नाही सुटली तर कपाटात पडलेली दुसरी किल्ली लावून पाहा. तिने उघडलं, तर कुलूप शाबूत आहे, रोजची किल्ली झिजली आहे. नवी किल्ली मात्र त्या कोऱ्या किल्लीवरूनच पाडून घ्या. झिजलेलीवरून पाडली तर झीजही नव्या किल्लीत उतरते. बॅरलमध्ये इंजिन ऑइल सोडू नका. माळव्याच्या काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून आत जो चिखल होतो, त्यात पितळी पत्त्या अडकून बसतात. ग्रॅफाइटची पूड घाला. ती नसेल तर शिसपेन्सिलीच्या शिशाचा भुगाही चालतो.

किल्ली सहज फिरते आणि सेल्फ लागत नाही, तर मागच्या बाजूला या. कॉलमखालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं की स्विचचा कपलर दिसतो. त्यातली एखादी पिन तपकिरी पडली असेल किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर चोर सापडलाच. नसेल तर मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक तार स्विचमध्ये येणाऱ्या बॅटरीच्या जाड वायरीला आणि दुसरी सेल्फकडे जाणाऱ्या वायरीला लावा, मग कोणाला तरी किल्ली स्टार्टवर धरायला सांगा. स्विच चांगला असेल तर मीटर शून्याच्या आसपास राहील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर आतल्या पट्ट्या जळल्या आहेत असं समजा. स्विच सुटा मिळाला तर तेवढाच बदला, आणि सोबत एक रिले टाकून घ्या. जुन्या गाड्यांत सेल्फच्या सोलेनॉइडचा सगळा करंट या बारक्या पट्ट्यांतून जातो, म्हणून त्या जळतात. रिले असला की तो भार बॅटरीकडून फ्यूजमधून थेट जातो आणि किल्लीला फक्त रिले ओढायचा उरतो.

'डायरेक्ट' करून बटण बसवण्याचा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईलच. घेऊ नका. मोडक्या लॉकमधली पिन चालत्या गाडीत खाचेत पडली तर मांडवच्या उतारावर स्टिअरिंग जाम होईल. इग्निशनच्या क्षुल्लक वाटणाऱ्या भागाने माणसं मेल्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे स्विच जरा ढिला होता, इतकंच. जनरल मोटर्सच्या गाड्यांत चालताना किल्ली आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीच्या निधीतून दिली गेली.

पूर्ण लॉकच काढायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सुटी करा. लॉक दोन बोल्टांनी कॉलमला आवळलेलं असतं आणि त्या बोल्टांना डोकंच नसतं. चोराला पाना लावता येऊ नये म्हणून कारखान्यातच ते आवळताना तोडलेलं असतं. पंच आणि छोट्या हातोडीने कडेला टिचक्या देत ते उलटे फिरवावे लागतात. घाई करून कॉलमवर घण घालू नका, आतलं बुश बिघडेल. नवं लॉक बसवताना किल्ली ऑनवर ठेवा म्हणजे पिन आत राहते. नवे बोल्ट डोकं तुटेपर्यंत आवळा. पुष्कळ ठिकाणी साधे बोल्ट घालून मोकळे होतात, पण ते चोराच्या सोयीचं काम आहे. शेवटी किल्ली काढून स्टिअरिंग लॉक होतं का आणि किल्ली लावल्यावर पूर्ण सुटतं का, हे उभ्या गाडीत दहा वेळा करून पाहा.

कव्हर उघडंच आहे तर कॉलमचा खेळही बघून घ्या. स्टिअरिंग दोन्ही हातांनी वर-खाली उचला. हललं तर वरचं बुश गेलंय. फिरवताना मोकळं लागत असेल तर खाली क्रॉस तपासा. एकाने स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्याने क्रॉसच्या बोल्टवर बोट ठेवायचं. ढिला बोल्ट बोटालाच कळतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ९८ वा नियम स्टिअरिंगला ३० अंशांपर्यंत खेळ चालवून घेतो. माझ्या मते तो फार सैल आहे. रॅकच्या गाडीत एवढा खेळ म्हणजे काही तरी सुटण्याच्या बेतात आहे. पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदणीला जाताना गाडी तपासली जाते, तेव्हा ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा हे आताच करा. धार जिल्ह्यातच, पिथमपूरला, नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक २०२१ पासून आहे. तिथे नव्या गाड्या तपासतात, जुन्या गाडीची तपासणी आपल्यालाच करायची आहे.

पुढच्या आठवड्यात रॅक आणि टाय रॉड एंड. अमेरिकेत परत बोलावलेल्या गाड्यांच्या मालकांना कंपनीने पहिली सूचना काय दिली होती, तर जुडग्यातून बाकीचं सगळं काढून एकटी किल्ली वापरा. तुम्हीही घराच्या, दुकानाच्या आणि गोदरेजच्या कपाटाच्या किल्ल्या आजच वेगळ्या करा.