'ते आलं' आणि 'ते आले'

लग्नघरात ताटात तांदूळ पसरतात, अंगठीने त्यात एक नाव रेखतात आणि सकाळी सुनीता असलेली मुलगी संध्याकाळी मृणाल होते. सासरची पंचवीस-तीस माणसे, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईसुद्धा, आठवड्याभरात ते नाव उचलतात. कुणी चुकले तर बाकीचे हसून सावरून घेतात. प्रथा बरी की वाईट हा वाद वेगळा. कित्येक मुलींना त्यात विचारलेही जात नसे आणि आता बऱ्याच जणी सरळ नकार देतात, ते योग्यच आहे. पण मोठेपणी बदललेले नाव मराठी घराच्या जिभेवर बसत नाही, ही सबब त्या ताटापुढे टिकत नाही.

तरीही त्याच घरात एखाद्या मुलाने 'मी मुलगी आहे, मला या नावाने हाक मारा' असे सांगितले की लगेच ऐकू येते, 'वीस वर्षांची सवय, अशी कशी मोडणार?' जन्मदाखल्यावर लिहिलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही अशा माणसांसाठी मराठीत आता 'पारलिंगी' हा शब्द रुळतो आहे. त्यांच्या नावांविषयी आणि सर्वनामांविषयी जे गैरसमज आहेत, त्यांतला सवयीचा गैरसमज सर्वांत सोज्वळ दिसतो. बाकीचे त्याच्या आडोशाला उभे असतात.

'सर्वनामांचे हे खूळ इंग्रजीतून आले'

इंग्रजीत लिंगाचा प्रश्न फक्त 'तो' आणि 'ती'पुरता येतो. बोलणारा स्वतःबद्दल बोलतो तेव्हा क्रियापद त्याचे लिंग विचारत नाही. बंगालीत तर 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. मराठीत मात्र 'मी' म्हणून तोंड उघडले की पुढच्या शब्दाला लिंग चिकटते. मी जातो, मी जाते. मी आलो, मी आले. समोरच्याशी बोलतानाही तेच: तू आलास, तू आलीस. शिवाय 'अरे' आणि 'अगं', 'काय रे' आणि 'काय गं' आहेतच. ही सर्वनामे नव्हेत, पण पारलिंगी मुलीला दिवसात सर्वाधिक वेळा बोचत असेल तर तो हा 'रे'. तेव्हा प्रश्न इंग्रजीतून आलेला नाही. आपल्याकडे तो अधिक खोल आहे. इंग्रजीत बोलणाऱ्या व्यक्तीला आपली ओळख सांगायला वाक्य जुळवावे लागते. मराठी मुलगी दारातून आत येताना 'आई, मी आले' म्हणते आणि शेवटच्या स्वरात सगळे सांगून टाकते. घरच्यांनी तो स्वर ऐकला आणि तरी 'आलास का रे?' असे उत्तर दिले, तर तेही एक उत्तरच असते.

मग मराठी या कामी निरुपयोगी आहे काय? उलट आहे. 'तुम्ही' म्हणून पाहा. तुम्ही कुठे राहता? तुम्ही कधी आलात? तुम्ही जेवलात का? यांतल्या एकाही वाक्यात लिंग नाही. हिंदीत 'आप' म्हटले तरी पुढे 'जाते हैं' की 'जाती हैं' हे ठरवावे लागते. मराठीचा 'तुम्ही' त्यातून सुटतो. भविष्यकाळात लिंग नाही: मी जाईन, तू जाशील. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जाते, म्हणून 'मी भाकरी खाल्ली' हे पुरुषही म्हणतो आणि 'मी आंबा खाल्ला' हे बाईही. 'त्यांना', 'त्यांचे' ही रूपेही कुणालाही चालतात. अनोळखी माणसाशी आदराने बोलायची जी रीत शाळेपासून शिकवली जाते, तिच्यात अर्धे काम आधीच झालेले आहे.

'याने व्याकरण बिघडते' ही तक्रारही पुष्कळदा ऐकू येते. लिंगाच्या बाबतीत मराठी व्याकरणाने इतकी काटेकोर शिस्त कधी पाळली होती? पिळदार मिशांचा पैलवान असला तरी 'ती व्यक्ती' म्हणावे लागते. 'मूल' आणि 'पोर' नपुंसकलिंगी. मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंगी सर्वनाम सर्रास वापरतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. संस्कृतात पत्नीसाठी 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी, तोही अनेकवचनी. कोल्हापुरातल्या मुली 'मी आलो, मी जातो' म्हणतात आणि पुण्याची मंडळी त्यावर अजून विनोद करतात. घरोघरी लेकीला लाडाने 'राजा' आणि 'सोन्या' म्हणतात. ज्ञानेश्वरांना सातशे वर्षे 'माउली' म्हटले जाते आहे. आषाढीच्या वाटेवर तर प्रत्येक जण प्रत्येकाला 'माउली'च म्हणतो. तेव्हा कुणाचे व्याकरण बिघडत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. काही जण स्वतःला पुरुषही मानत नाहीत आणि स्त्रीही नाही. त्यांच्यासाठी काय वापरायचे? 'ते' हा पर्याय पटकन सुचतो, पण मराठीत 'ते' दोन आहेत. लिहिताना दोन्ही सारखे दिसू शकतात, बोलताना जमीन-अस्मानाचा फरक पडतो. 'ते आले' हे गुरुजींसाठी. 'ते आलं' हे मांजरासाठी. लोकलच्या डब्यात टाळी ऐकू आली की कुणी तरी कोपराने ढोसून जे 'ते बघ, आलं' म्हणते, तो दुसरा 'ते'. त्यात माणूस उरत नाही. ज्या लिंगाला व्याकरणाने 'नपुंसक' हे नाव दिले, त्याचा शिवीसारखा वापर व्हायला फार लांब जावे लागत नाही. म्हणून कुणी आदरार्थी 'ते' पसंत करतात, कुणी 'तो' किंवा 'ती' यांतलेच एक निवडतात, कुणाला नुसते नाव घेतलेले बरे वाटते. मराठीत यावर एकमत झालेले नाही आणि पुस्तकात उत्तर सापडायचे नाही. ज्याचे त्याला विचारावे.

'पण खरे नाव काय?'

हा प्रश्न विचारणाऱ्याला सहसा जन्मदाखल्यावरचे नाव हवे असते. त्याला एक उलटा प्रश्न विचारता येईल: नारायण सूर्याजी ठोसर कोण? मनाच्या श्लोकांसाठी घराघरांत माहीत असलेले समर्थ रामदास. व्यंकटेश खेडगीकर म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, ज्यांचे नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे. डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे गाडगेबाबा. ज्यांच्या जन्मदिवशी, 27 फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, ते जन्मले गजानन रंगनाथ शिरवाडकर म्हणून, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले आणि कवितेखाली 'कुसुमाग्रज' अशी सही करू लागले. या तीन नावांपैकी खोटे कोणते?

संन्याशाला पूर्वाश्रम विचारू नये, हा शिष्टाचार आपल्याकडे फार जुना आहे. नाव माहीत नसते असे नाही. ते उकरून काढणे असभ्य मानले जाते, इतकेच. पारलिंगी माणसाच्या जुन्या नावाला हाच नियम लावला तर निम्म्या बातम्यांतला 'पूर्वीचा अमुक' हा हमखास येणारा उल्लेख गळून पडेल. बातमीला त्याची बहुधा गरजही नसते.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो. लहानपणाबद्दल बोलताना तरी जुने नाव वापरायचे ना? 'रामदासांचा जन्म जांब गावी झाला' असे आपण बिनदिक्कत म्हणतो. पाळण्यातल्या बाळाचे नाव नारायण होते म्हणून वाक्य चुकत नाही. 'माझी बहीण तिसरीत असताना झाडावरून पडली' हे वाक्यही तसेच बरोबर आहे, तेव्हा तिच्या वहीवर कोणते का नाव असेना.

आणि नाव बदललेच पाहिजे असेही नाही. किरण, शीतल ही नावे महाराष्ट्रात मुलांचीही असतात आणि मुलींचीही. काही जण जुनेच नाव ठेवतात आणि फक्त 'रे'चा 'गं' मागतात.

कागद, शस्त्रक्रिया आणि इतर अटी

'शस्त्रक्रिया झाल्याशिवाय कसे मानायचे?' याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना दिले. आपली लिंग-ओळख ज्याची त्याने ठरवायची आणि तिच्या मान्यतेसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही, असे न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी त्यात सांगितले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी या खटल्यात हस्तक्षेपकर्त्या होत्या. कागदोपत्री ओळखीचे नियम पुढे 2019 च्या कायद्यात आणि नंतर आणखी कुठे कसे वळले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण चहा प्यायला बसलेल्या माणसाला हाक मारण्यासाठी कुठल्याच काळात राजपत्राची प्रत लागलेली नाही. शेजारच्या पप्पूचे आधार कार्डावरचे नाव आपल्याला कुठे ठाऊक असते? शस्त्रक्रियेबद्दल विचारणे म्हणजे तर दुसऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांच्या आत डोकावणे आहे.

'हा मनाचा आजार आहे' हेही जुने झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे.

'पारलिंगी म्हणजे सिग्नलवर टाळ्या वाजवणारे' या समजुतीत पारलिंगी पुरुष तर दिसतच नाहीत. जन्मतः मुलगी ठरवलेला, आता दाढी राखणारा, बँकेत रांगेत उभा असलेला आणि आवाज ऐकून 'मॅडम' म्हटला जाणारा माणूस त्या चित्रात कुठेच नसतो. हिजडा ही एक जुनी सामाजिक परंपरा आहे, गुरू-चेल्यांची, घराण्यांची. सगळ्या पारलिंगी व्यक्ती तिच्यात नसतात. तो शब्द दुसऱ्याने तोंडावर फेकला की शिवी होतो. लक्ष्मी त्रिपाठींनी मात्र आपल्या मराठी आत्मकथनाच्या शीर्षकात तो स्वतःहून घेतला, 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. शब्द तोच, पण उच्चारणारे तोंड कुणाचे आहे याने फरक पडतो.

भादली बुद्रुकचा अर्ज

हे सगळे शहरी, इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचे चोचले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावी जावे. तिथे अंजली पाटील यांनी ग्रामपंचायत निवडणुकीसाठी महिलांच्या जागेवर अर्ज भरला. त्या पारलिंगी आहेत, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो नकार रद्द केला. अंजली निवडणूक लढल्या आणि जिंकल्या.

या प्रकरणातले मला सर्वांत आवडते ते न्यायालयाच्या कागदांवरचे नाव: अंजली गुरू संजना जान. मराठी नावात मधली जागा बापाची किंवा नवऱ्याची. इथे त्या जागी गुरू बसली आहे.  महाराष्ट्र सरकारनेही 2024 मध्ये मुलांच्या शासकीय कागदांवर बापाच्या आधी आईचे नाव लिहिणे सक्तीचे केले. मधल्या जागेवर कोण बसणार हे दगडावर कोरलेले नव्हतेच.

'एका नावाने असे काय बिघडते?'

2018 मध्ये अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या 129 पारलिंगी आणि तत्सम तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घर, शाळा, काम, मित्रमंडळ अशा ठिकाणांपैकी किती ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने बोलावतात, हे त्यात पाहिले. असे एकेक ठिकाण वाढले की आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण 29 टक्क्यांनी आणि तशा कृतींचे 56 टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे, परदेशातला आहे आणि नावामुळेच सगळे घडले असे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्या घरात नाव घेतात तिथे बाकीची मायाही असणारच. तरी औषधाच्या दुकानात न मिळणारी, फुकटची गोष्ट म्हणून ती करून पाहायला हरकत कसली?

चुकलो तर

चुका होणारच, विशेषतः ज्यांनी त्या मुलाला अंगाखांद्यावर खेळवले त्यांच्या. चुकीपेक्षा तिच्यानंतरचे कीर्तन जास्त त्रास देते: 'अगं, माझ्या लक्षातच राहत नाही बघ, आता वय झालं, तू रागावू नकोस हं.' पाच मिनिटांनी ज्याचा अपमान झाला तोच समजूत घालताना दिसतो. त्यापेक्षा 'तो काल, ती काल आली होती, आणि आंब्याची पेटी घेऊन आली' असे म्हणून गाडी पुढे न्यावी. आंब्यांवर बोलावे. आणि ती समोर नसतानाही 'ती'च म्हणावे, कारण जिभेला खरे वळण पाठीमागे लागते.

नव्याने भेटणाऱ्याला 'तुम्हाला काय म्हणू?' असे विचारण्यात काही वावगे नाही. वहिनी म्हणू की ताई, काका म्हणू की दादा, हे मराठी माणूस एरवीही विचारतोच. ते चारचौघांत, मोठ्याने मात्र विचारू नये. तिने अजून घरी सांगितलेले नसेल, तर घरच्या फोनवर कोणते नाव घ्यायचे हेही तिलाच विचारून ठेवावे. आपल्या उत्साहाने दुसऱ्याचे घर सुटू शकते.

उत्तर मिळेपर्यंत 'तुम्ही' आहेच. पण त्या 'तुम्ही'त कायमचे दडून बसता येत नाही. घरातल्या बाकीच्या बहिणींना 'अगं' आणि हिला एकटीलाच 'अहो' म्हटले, तर ती टाळाटाळ तिला पहिल्याच दिवशी कळते.