शाळेच्या संकेतस्थळावरील प्लगइन : कोणते ठेवावे, कोणते नको

पालक बंधू-भगिनी, विद्यार्थी मित्र व सन्माननीय विश्वस्त यांस,

मागच्या सभेत एक सूचना आली होती. आपल्या संकेतस्थळावर येणाऱ्यांचा माउस कुठे फिरतो, कुठे क्लिक होते, हे चित्रफितीसारखे दाखवणारे प्लगइन बसवावे, प्रवेशाच्या दिवसांत उपयोग होईल. सूचना चांगल्या मनाने केलेली होती. तरी मी "थोडे थांबू या" म्हणालो. कारणे त्या वेळी नीट मांडता आली नाहीत, म्हणून इथे लिहितो.

संकेतस्थळाच्या नोंदी ठेवण्यासाठी आपण माटोमो ही आज्ञावली वापरतो. २००७ साली ती पिविक या नावाने सुरू झाली, २०१८ मध्ये नाव बदलले. ती मोफत आहे, आणि मुख्य म्हणजे नोंदी आपण भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच राहतात, दुसऱ्या कंपनीकडे जात नाहीत. कोणते पान किती जणांनी पाहिले, मोबाईलवरून की संगणकावरून, एवढे ती सांगते.

प्लगइन म्हणजे मूळ आज्ञावलीला जोडायचा भाग. मिक्सर एकच, पण चटणीचे भांडे वेगळे आणि रसाचे वेगळे, तसे. माटोमोचा बराचसा भाग असा प्लगइनांचाच बनलेला आहे, त्यामुळे व्यवस्थापनाच्या पानावर त्यांची यादी उघडली की पहिल्यांदा घाबरायला होते. ती यादी फक्त सुपर युजरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या व्यक्तीलाच बदलता येते. प्रत्येक नावासमोर ते चालू आहे की बंद हे दिसते.

बंद करणे आणि काढून टाकणे यांत मोठा फरक आहे. बंद केले तर जुन्या नोंदी तशाच राहतात, पुन्हा चालू करता येते. मधल्या दिवसांची माहिती मात्र गोळा झालेली नसते. काढून टाकले तर त्या प्लगइनने स्वतःसाठी केलेले तक्तेही डेटाबेसमधून जातात. म्हणून आधी बंद करावे, काही आठवडे पाहावे, मगच काढावे. घाईने काढलेले परत येत नाही.

सगळीच प्लगइन पाळत ठेवणारी नसतात, उलटही असते. येणाऱ्याच्या आयपी पत्त्याचे शेवटचे आकडे पुसण्याचे काम प्रायव्हसी मॅनेजर नावाचे प्लगइन करते. "नको ते सगळे बंद" म्हणून कोणी त्यावरच हात ठेवला, तर मुलांचे रक्षण करणारेच जाईल. गाव-शहर ओळखणारे दुसरे एक आहे. त्यावर फार भरवसा ठेवू नये. मोबाईलचे इंटरनेट दूरच्या केंद्रातून फिरून येते, त्यामुळे कामरेजच्या घरातून पान उघडले तरी अहवालात सुरत, कधी मुंबईही दिसू शकते. तेवढ्यावरून "मुंबईतून चौकशी वाढली" असे कोणी समजू नये!

आता मूळ सूचनेकडे येतो. ते प्लगइन, हीटमॅप अँड सेशन रेकॉर्डिंग, विकतचे आहे, दरवर्षी पैसे भरावे लागतात. पण पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे अनेक घरांत मोबाईल एकच. सकाळी वडील प्रवेश-अर्ज पाहतात, संध्याकाळी त्याच मोबाईलवर सहावीतली मुलगी वेळापत्रक पाहते. यंत्राला दोघे सारखेच. म्हणजे पालकांची म्हणून केलेली नोंद प्रत्यक्षात मुलांची निघते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या नवव्या कलमात अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे व त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी सूट दिलेली आहे. प्रवेश वाढवणे हे त्या सुटीत बसते, असे मला तरी वाटत नाही. आणि कायदा नसता तरी वर्गातल्या मुलाची वही त्याला न विचारता आपण चाळत नाही.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो. माटोमोची नवी आवृत्ती आली की जुनी प्लगइन तिच्याशी जुळतीलच असे नाही. न जुळणारे प्लगइन बंद पडते, क्वचित पूर्ण पानच उघडत नाही. तेव्हा कॉन्फिग फाइलमधील यादीतून त्याचे नाव काढावे लागते. म्हणून आवृत्ती बदलण्यापूर्वी फाइली आणि डेटाबेस दोन्हींची प्रत ठेवणे भाग आहे. जितकी प्लगइन जास्त, तितकी ही कटकट जास्त, आणि आपल्याकडे हे काम पाहणारे संगणक शिक्षक एकच आहेत.

विश्वस्तांपुढे माझा प्रस्ताव असा. माउसची नोंद करणारे प्लगइन बसवू नये. प्रवेशाच्या पानावर काय अडते, हे कार्यालयात अर्ज घ्यायला येणाऱ्या पालकांनाच विचारावे. सुपर युजरचे अधिकार दोघांकडेच असावेत. आवक-जावक रजिस्टरशेजारी एक वही ठेवावी, तीत प्लगइनचे नाव, तारीख, कोणी मागितले व कशासाठी, हे लिहावे. वही पालकांना पाहण्यासाठी खुली राहील. पुढच्या सभेत हा विषय पहिलाच घेऊ, पालकांनी आपली मते त्याआधी कार्यालयात लेखी द्यावीत.

मुख्याध्यापक