बंबाचा विस्तव व न्हाणीघराची खिडकी

पौषांतील एका पहाटेची गोष्ट. थंडीचा कडाका फार, म्हणून परसांतील तांब्याचा बंब आम्हींच न्हाणीघरांत आणून पेटविला. कोळसे रसरशीत फुललेले, धुराचा मागमूसही नाहीं. आत्याबाईंस वारा लागूं नये म्हणून खिडकीही लावून घेतली. स्नानास गेलेल्या आत्याबाई बराच वेळ बाहेर येईनात. हांका मारल्या, उत्तर नाहीं. दार ढकलून पाहतों तों त्या भिंतीस टेकून बसलेल्या, डोकें ठणकत आहे, बोलणें अडखळत आहे! मोकळ्या हवेंत आणून लगोलग इस्पितळांत नेलें, तेथें प्राणवायु दिला आणि सुदैवानें त्या सांवरल्या.

धूर नाहीं तेथें भय नाहीं, हा समज आम्हीं त्या दिवशीं सोडला. वीज व गॅस आले तरी गांवाकडील कित्येक घरांत बंब अद्याप पेटतो. म्हणून हें चार शब्द.

बंबाची रचना साधी आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशीं जाळीवर विस्तव व सभोंवार पाणी. नळीचें तोंड वर उघडें असतें. कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो, तो या तोंडांतून सरळ खोलींत पसरतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां २०० हून अधिक पटींनीं जखडतो. मग श्वास चालू असूनही शरीर उपाशीच राहतें. डोकेदुखी, मळमळ, घेरी व गुंगी हीं त्याचीं लक्षणें. गुंगी आल्यावर कडी काढण्याचेंही भान राहत नाहीं.

यास्तव बंबाची जागा परसांत किंवा उघड्या पडवींत असावी. न्हाणींत यावें तें केवळ पाणी. विझत आलेले निखारेही घरांत ठेवूं नयेत. बंबांत पाणी भरल्यावांचून विस्तव घालूं नये; कल्हईचें कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतें. नळजोडणीच्या हौसेनें बंब चहूंबाजूंनीं बंद करणें म्हणजे तर बंबाचा बॉम्ब करणेंच होय. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळच्या सुमारें १६०० पट जागा लागते. तिची वाट सदैव मोकळी हवी.

घंगाळांत आधीं थंड पाणी घ्यावें, मग कढत. ६० अंशांचें पाणी पांच-सहा सेकंदांत मोठ्या माणसाची कातडी पोळतें. लेंकरांची त्याहूनही लवकर.

कोळशाचाही हिशेब असावा. ४० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास सुमारें १४०० किलोकॅलरी उष्णता लागते. चांगल्या लोणारी कोळशाच्या एका किलोंत ती सुमारें ७००० असते. निम्मी वायां गेली असें धरलें, तरी ४०० ग्रॅम कोळसा पुरे. त्याहून अधिक घातलेला विस्तव खर्च व धोका दोन्ही वाढवितो.

आमच्या घरीं बंब पुनः परसांत गेला आहे. आत्याबाई न्हाणींत शिरतांच प्रथम खिडकी उघडतात. थंडीची कुरकुर करणाऱ्या सुनांस त्या म्हणतात, "अग, हुडहुडी घटकाभराची. दोन तांबे अंगावर घेतलेस कीं गेली!"