सोळा गोल खाल्लेल्या मुलींसाठी

कुवेत शहराच्या पूर्वेच्या टोकाला, समुद्राला लागून दस्मान नावाचा छोटासा भाग आहे. निळ्या चकत्या लावलेल्या गोळ्यांचे कुवेत टॉवर्स तुम्ही फोटोत नक्की पाहिले असतील. ते आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथून जवळच दस्मान पॅलेस. नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा या राजवाड्याचा फुटबॉलशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पण मी कोल्हापूरची. फुटबॉलचा विषय निघाला की कान टवकारले जाणारच.

1982 च्या वर्ल्ड कपमध्ये कुवेतचा संघ होता. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून शिट्टी ऐकू आली, ती रेफरीचीच समजून कुवेतचे खेळाडू जागेवर थांबले आणि फ्रान्सने गोल केला. तेव्हा कुवेत फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहद अल-अहमद स्टँडमधून उठून थेट मैदानात उतरले, आणि रेफरीने चक्क तो गोल रद्द केला! तरीही कुवेत 4-1 हरला, हा भाग वेगळा. हेच शेख फहद 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य शहरात घुसलं तेव्हा दस्मान पॅलेसपाशी लढताना मारले गेले. इथले वयस्कर लोक आजही या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात.

आमच्या कोल्हापुरातही तेच. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं घेतली की पेठापेठांत अजून वाद पेटतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की घरातला पुरुष कुठे आहे हे विचारावं लागत नाही. पण या सगळ्यात मुली कुठे होत्या? आम्ही बहिणी दादाच्या तोंडून स्कोअर ऐकायचो, एवढाच आमचा फुटबॉल.

म्हणून आज लिहावंसं वाटतंय ते 17 वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपबद्दल. तो ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्याकडे झाला. भुवनेश्वर, मडगावचं फातोर्डा आणि नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम अशी तीन मैदानं, 16 देश, 32 सामने. महिलांची फिफाची स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होत होती. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश मिळाला होता. निकाल असे लागले: अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3, ब्राझीलकडून 0-5. म्हणजे तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस विनोद फिरले आणि विषय संपला.

मला मात्र तो संपलेला वाटत नाही, कारण या सोळा गोलांच्या मागे बरंच काही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हा वर्ल्ड कप खरं तर 2020 मध्ये व्हायचा होता. त्यासाठी 2019 मध्ये स्वीडनचे थॉमस डेनरबी प्रशिक्षक म्हणून आले, मुलींची निवड झाली, तयारी सुरू झाली. मग कोविड आला. स्पर्धा आधी 2021 वर ढकलली आणि नंतर रद्दच झाली. फिफाने 2022 चं यजमानपद भारताला दिलं खरं, पण वयाचा नियम थोडाच थांबतो? 2022 साठी 1 जानेवारी 2005 नंतर जन्मलेल्या मुलीच चालणार होत्या. ज्या 2003 आणि 2004 मध्ये जन्मल्या होत्या, ज्यांनी आधीच्या शिबिरांत घाम गाळला होता, त्यांचं वय टळून गेलं. त्यांना ना वर्ल्ड कप मिळाला, ना हरण्याची संधी.

नव्या मुलींच्याही नशिबी सुख नव्हतं. स्पर्धेला दोन महिने उरले असताना, ऑगस्ट 2022 मध्ये, भारतीय महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाल्याचं कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केलं. भांडण खुर्च्यांचं, आणि स्पर्धा जाणार होती मुलींची. दहा-बारा दिवसांनी निलंबन उठलं म्हणून निभावलं.

आपले सामने रात्री आठला सुरू व्हायचे, म्हणजे कुवेतमध्ये साडेपाचला. मोरोक्कोचा सामना 14 ऑक्टोबरला, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी होता. माझ्या ऑफिसमधली कासाब्लांकाची मैत्रीण तो बघायला आमच्याकडे आली. तिने पुदिन्याचा चहा केला, मी कांदाभजी तळली. हाफ टाइमला 0-0 होतं आणि आम्ही दोघीही खूश होतो. दुसऱ्या हाफमध्ये तिच्या मुलींनी तीन गोल घातले. मी तिला म्हटलं, ‘तुमच्या पोरी भारीच की गं!’ ती म्हणाली, ‘आमच्याही आया नको म्हणायच्या. आता टीव्हीवर दिसतात म्हणून गप्प बसल्यात.’

या वाक्यात बरंच काही आलं. मोरोक्को काही श्रीमंत युरोपीय देश नव्हे. पण तिथल्या महासंघाने महिलांची व्यावसायिक लीग पैसे घालून उभी केली, लहान मुलींचे संघ बांधले. 2016 मध्ये जॉर्डनने हीच स्पर्धा भरवली होती, तेव्हा यजमान मुली तिन्ही सामने हरल्या होत्या. 2022 मध्ये मोरोक्कोने आपल्याला हरवलं, तो या स्पर्धेत एखाद्या अरब देशाचा पहिला विजय. पुढच्याच वर्षी त्यांचा मोठ्या महिलांचा संघ वर्ल्ड कपला गेला आणि बाद फेरीपर्यंत पोहोचला. 2025 पासून सलग पाच वर्षं 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप मोरोक्कोतच होणार आहे. इथे आखातात राहून हे बघताना ‘आपल्या संस्कृतीत मुलींनी हे करणं बसत नाही’ असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

आता आपल्या मुलींकडे वळू. कॅप्टन अस्तम उराव झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातली. घरापर्यंत धड रस्ता नव्हता. लेक भारताची कॅप्टन झाली म्हणून प्रशासनाने रस्त्याचं काम काढलं, आणि त्याच रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीवर काम करत होते. मुलीचा सामना दिसावा म्हणून घरात टीव्ही बसवून देण्यात आला. त्या संघातल्या 21 पैकी सहा मुली झारखंडच्या होत्या. समोर अमेरिका. तिथल्या मुलींना सहाव्या-सातव्या वर्षापासून लीग, प्रशिक्षक, हिरवं मैदान. आठ गोल त्या एका संध्याकाळी नाही झाले, त्याआधीच्या दहा वर्षांत झाले, असं मला वाटतं.

त्या संघात आपल्या महाराष्ट्राचीही एक मुलगी होती, पुण्याची काजोल डिसूझा. तुम्हाला हे नाव माहीत होतं का? 2017 मध्ये मुलांचा 17 वर्षांखालील वर्ल्ड कप भारतात झाला. तेव्हा आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता. गावभर त्याचे फलक लागले, माझ्या काकांनी त्याचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर चार वेळा टाकला. ती मुलंही तिन्ही सामने हरली होती आणि तीन सामन्यांत एकच गोल केला होता. पण त्यांना आपण ‘आपली पोरं लढली’ म्हटलं, आणि मुलींच्या वेळी सोळाचा आकडा मोजला.

फायनल 30 ऑक्टोबरला नेरूळला झाली, रविवारी. कुवेतमध्ये रविवार म्हणजे कामाचा दिवस, त्यामुळे मी धावतपळत घरी पोहोचले. स्पेन विरुद्ध कोलंबिया. 82 व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन 1-0 जिंकला. कोलंबियाकडून लिंडा काइसेदो खेळत होती. पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कॅन्सर झाला होता. उपचार घेऊन ती परत मैदानावर आली, नेरूळच्या या फायनलपर्यंत पोहोचली, आणि नऊ महिन्यांनी मोठ्यांच्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध तिने गोल केला. नवी मुंबईच्या ज्या मुलींनी तिला त्या रात्री प्रत्यक्ष पाहिलं, त्यांचा मला खरंच हेवा वाटतो.

हे सगळं आज आठवण्याचं कारण घरातलंच आहे. माझी भाची कोल्हापुरात शाळेच्या संघातून खेळते. आठवीत गेली आणि खेळ बंद व्हायची वेळ आली. मी वहिनीला फोन केला. वाटलं होतं, ‘ऊन लागतं, काळी पडेल, पाय मोडला तर लग्न कसं होणार’ वगैरे ऐकायला मिळेल. पण वहिनी म्हणाली, ‘ताई, खेळू नको म्हणत नाही ओ मी. पण ग्राउंडवर मुली चौघीच. संध्याकाळी अंधार पडतोय, बाथरूमची सोय नाही. ट्रेनिंग सुटल्यावर तिला आणायला रोज कोण जाणार? तुम्हीच सांगा.’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण वहिनीचं बरोबर होतं. मुली खेळ सोडतात त्या बहुतेक अशाच साध्या कारणांनी: दिवा नाही, स्वच्छतागृह नाही, सोबत नाही. इथे कुवेतमध्येही वेगळं काय आहे? उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो, त्यामुळे बाहेर खेळायचं ते ऑक्टोबर ते एप्रिल. शुक्रवारी गोवेकर आणि मल्याळी मंडळींचे सामने रंगतात, छोटी मुलं बाजूच्या मैदानावर पळतात. मुली दहा-अकरा वर्षांपर्यंत दिसतात, मग दिसेनाशा होतात. मागच्या वर्षी आम्ही चार आयांनी मिळून एक तास मैदान भाड्याने घेतलं, फक्त मुलींसाठी. पहिल्या आठवड्याला सहा आल्या, आता चौदा येतात. त्यात तीन इजिप्तच्या आहेत आणि एक फिलिपिन्सची. आणण्या-सोडण्याची पाळी आम्ही वाटून घेतलीय. एवढंसंच काम आहे, पण त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागली नाही.

कोल्हापुरातही तेच करून बघायचं ठरलं. दादाने वर्गातल्या आणखी तिघींच्या घरी फोन केले. आता मंगळवार आणि शुक्रवार दादा जातो, बाकीचे दिवस इतर घरचे पालक. दिव्यासाठी शाळेकडे अर्ज दिलाय. अजून दिवा लागलेला नाही, म्हणून सध्या सराव अर्धा तास आधी संपतो.

मधल्या काळात चांगली बातमीही आलीय. ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या 17 वर्षांखालील मुलींनी बिश्केकमध्ये उझबेकिस्तानला 2-1 असं हरवलं आणि आशियाई स्पर्धेचं तिकीट मिळवलं. एक गोलने मागे पडल्या होत्या, तिथून जिंकल्या. त्याच वर्षी 20 वर्षांखालील मुली आणि मोठ्या महिलांचा संघही आपापल्या आशियाई स्पर्धांना पात्र ठरले. यजमान म्हणून नाही, मैदानावर जिंकून. यातल्या किती बातम्या आपल्या ग्रुपवर फिरल्या? मला तरी एकच दिसली, तीही मीच टाकलेली.

मंडळी, आपण परदेशातून सुट्टीला जातो तेव्हा बॅगेत काय भरतो? खजूर, चॉकलेटं, अत्तर, पुतण्यासाठी बॅट नाहीतर जर्सी. या वेळी घरातल्या एखाद्या मुलीसाठी फुटबॉलचे बूट घ्या. आणि ते देताना तिच्या आईवडिलांना एवढंच विचारा, की तिला मैदानावर सोडायला-आणायला कोण जातंय, कोणाची मदत लागेल का.

मी भाचीच्या पायाचं माप मागवलंय. ‘आत्या, एक नंबर मोठाच आण, वर्षभर पुरले पाहिजेत,’ असा निरोप आलाय.