व्याकरण आणि मेंदू : एव्हेलिना फेडोरेन्को यांच्या संशोधनाचा परिचय

वाक्यविन्यास आणि शब्दसंग्रह हे भाषेचे दोन निराळे घटक मानून त्यांचा स्वतंत्र विचार करण्याची पद्धत भाषाशास्त्रात रूढ आहे. व्याकरण एका ग्रंथात व कोश दुसऱ्या ग्रंथात, ही अभ्यासाची जुनी व्यवस्थाही तिला पोषकच ठरली. परंतु हा भेद केवळ अभ्यासकाच्या सोयीचा आहे, की भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूतही तो तसाच विद्यमान असतो? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील मेंदूविज्ञ एव्हेलिना फेडोरेन्को यांच्या संशोधनाचा या प्रश्नाशी निकटचा संबंध असल्यामुळे त्याचा परिचय करून घेणे भाषेच्या अभ्यासकास अगत्याचे आहे.

१

भाषेचे मेंदूतील स्थान शोधण्याच्या प्रयत्नास निश्चित प्रारंभ झाला तो १८६१ मध्ये. पॅरिस येथील शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नामक एका रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर निरीक्षण केले. या रुग्णास ‘तां’ या अक्षराखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अग्रखंडात विकृती आढळली आणि तो भाग पुढे ‘ब्रोकाचे क्षेत्र’ म्हणून प्रसिद्धी पावला. कालांतराने हेच क्षेत्र व्याकरणाचे अधिष्ठान होय, असेही प्रतिपादन होऊ लागले. तथापि जतन केलेल्या त्याच मेंदूची २००७ मध्ये आधुनिक यंत्राने पुन्हा पाहणी झाली, तेव्हा विकृती ब्रोकांनी वर्णिलेल्या भागापुरती मर्यादित नसून बरीच खोलवर पसरलेली होती, असे दिसून आले. सारांश, केवळ रुग्णाच्या विकृतीवरून भाषेचा नकाशा काढणे धोक्याचे असते.

निरोगी माणसाचा मेंदू कार्य करीत असताना पाहण्याची सोय १९९० नंतरच्या दशकात झाली. मेंदूचा जो भाग कार्यरत होतो, त्याकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. हा बदल चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने टिपता येतो. या पद्धतीस एफएमआरआय म्हणतात. हिच्यात स्थानाचे ज्ञान दोनतीन मिलिमीटरांइतके सूक्ष्म मिळते. परंतु रक्ताचा ओघ शिगेस पोहोचण्यास पाचसहा सेकंद लागतात आणि तेवढ्या अवधीत वक्ता दहाबारा शब्द बोलून मोकळा होतो. ही मर्यादा पुढील विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

२

फेडोरेन्को यांचे पहिले महत्त्वाचे कार्य पद्धतीविषयीचे आहे. पूर्वीच्या बहुतेक प्रयोगांत अनेक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढीत. वस्तुतः मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या निराळ्या असतात. अनेक गावांच्या बोलींची सरासरी काढून सिद्ध केलेली बोली कोणत्याच गावी बोलली जात नाही, तसाच काहीसा हा प्रकार होय. २०१० मध्ये फेडोरेन्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक व्यक्तीचे भाषाक्षेत्र प्रथम तिच्याच मेंदूत निश्चित करावयाचे आणि पुढील प्रयोगांत त्याच क्षेत्राचा प्रतिसाद मोजावयाचा.

क्षेत्र निश्चित करण्याची युक्ती साधी आहे. मराठीत उदाहरण रचावयाचे झाल्यास चार प्रकार करता येतील. ‘शेतकऱ्याने पहाटे बैल जुंपले’ हे वाक्य झाले. ‘दोरी, पहाटे, उंच, बाजार’ ही सुट्या शब्दांची यादी झाली. ‘खुमणाऱ्याने दपाटे झैल लुंबले’ यात शब्द निरर्थक असले, तरी ‘-ने’ व ‘-ले’ या प्रत्ययांमुळे वाक्याचा सांगाडा टिकून आहे. चौथ्या प्रकारात निरर्थक अक्षरसमूहांखेरीज काहीच नसते. पहिल्या प्रकारास मिळणारा प्रतिसाद चौथ्यापेक्षा ज्या भागांत स्पष्टपणे अधिक असतो, ते त्या व्यक्तीचे भाषाक्षेत्र. बहुतेक व्यक्तींत हे भाग डाव्या अग्रखंडात व कानाच्या बाजूच्या शंखखंडात आढळतात.

३

या पद्धतीने दोन निष्कर्ष पुढे आले. पहिला भाषा व विचार यांच्या संबंधाचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अंकगणित, स्मरणाची कामे, संगीत इत्यादींच्या वेळी भाषाक्षेत्रे जवळजवळ निष्क्रिय राहतात, असे आढळले. ब्रोकाच्या क्षेत्रातही भाषेपुरता भाग आणि कोणत्याही कठीण कामात उद्युक्त होणारा भाग हे शेजारीशेजारी नांदतात, हे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. सरासरीच्या प्रतिमेत हे दोन शेजारी एकच भासत होते. रोझमेरी व्हार्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अभ्यासिलेल्या, तीव्र वाचाघात झालेल्या तीन रुग्णांना वाक्यरचनेचे आकलन दुष्कर झाले असूनही गणिते सोडविता येत होती, याच्याशी हा निष्कर्ष जुळतो. वाचा गेलेल्या माणसाची बुद्धीही गेली, असे त्याच्या आप्तांस सहज वाटते; त्या समजुतीस येथे शास्त्रीय आधार मिळत नाही. या निष्कर्षाचे मोल म्हणूनच प्रयोगशाळेपुरते राहत नाही.

दुसरा निष्कर्ष व्याकरणाविषयीचा. वर सांगितलेल्या प्रकारांपैकी दुसऱ्यास व तिसऱ्यास, म्हणजे केवळ शब्दांस व केवळ सांगाड्यास, भाषाक्षेत्रे मध्यम प्रतिसाद देतात. दोहोंचा संयोग झाला की तो सर्वाधिक होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत शब्दार्थापेक्षा वाक्यविन्यासालाच अधिक प्रतिसाद देणारा एकही भाग या क्षेत्रांत सापडला नाही. एफएमआरआयची कालविषयक उणीव २०१६ च्या एका अभ्यासाने काहीशी भरून काढली. अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या मेंदूवर विद्युदग्रे बसविली होती, अशा रुग्णांत वाक्य वाचताना मेंदूची क्रिया शब्दागणिक चढत जाताना दिसली. सुट्या शब्दांच्या यादीत तशी चढण नव्हती.

४

हे मत सर्वमान्य नाही. लाइपझिग येथील आंगेला फ्रीडेरिची यांच्या मते ब्रोकाच्या क्षेत्राचा एक विशिष्ट भाग पदांची जुळणी करण्याचेच कार्य करतो. शिवाय प्रतिमेच्या एकेका बिंदूत मेंदूच्या काही लाख पेशी सामावलेल्या असतात. व्याकरणाच्या व शब्दार्थाच्या पेशी परस्परांत मिसळलेल्या असल्या, तर त्या या यंत्रास एकरूपच दिसतील. म्हणून निराळे स्थान आढळले नाही, यावरून निराळे कार्य नाही असे अनुमान काढणे युक्त होणार नाही.

बहुतेक प्रयोग इंग्रजीवर आधारलेले होते, हा आक्षेप मात्र पुष्कळ अंशी दूर झाला आहे. २०२२ मध्ये १२ भाषाकुळांतील ४५ भाषांच्या ८६ भाषकांची पाहणी प्रसिद्ध झाली. लुई कॅरल यांच्या ‘अ‍ॅलिस’च्या कथेतील उतारे त्यांना आपापल्या भाषेतून ऐकविण्यात आले. त्यांत मराठी, हिंदी, तमिळ व तेलुगू या भाषाही होत्या. भाषाक्षेत्रांची सामान्य रचना सर्वत्र सारखीच आढळली. परंतु एकेका भाषेचे फार तर दोनच भाषक असल्याने भाषाभाषांतील भेदांविषयी या पाहणीतून काहीच सिद्ध होत नाही.

तेथेच मराठीच्या अभ्यासकास वाव आहे. ‘त्याने पत्र लिहून टाकले’ यातील ‘टाकणे’ कोशात घालावे की व्याकरणात? कोशातील फेकण्याचा अर्थ येथे उरलेला नाही आणि नियमाने साधावा असा केवळ प्रत्ययही तो नव्हे. ‘मुलगा पडला’ व ‘मुलाने पत्र वाचले’ यांतील कर्त्याची भिन्न रूपे क्रियापदाच्या निवडीशी निगडित आहेत. शब्द व रचना यांची सीमारेषा जेथे अशी अस्पष्ट होते, तेथील उदाहरणे या वादात विशेष उपयोगी ठरावीत. मेंदूत स्वतंत्र स्थान नसले म्हणून व्याकरणाचे शास्त्र निराधार होत नाही. मात्र वर्णनाच्या सोयीसाठी केलेला विभाग हा मनाचाच विभाग होय, असे गृहीत धरण्याची मोकळीक यापुढे भाषाशास्त्रज्ञास राहिलेली नाही.