वस्तीचा नकाशा आणि आपली हरकत

शहरात रस्ता कोठून जावा, शाळा, दवाखाना व मैदान यांसाठी जागा कोठे राखून ठेवावी, हे विकास आराखडा ठरवितो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठराविक मुदतीत नागरिकांना लेखी हरकत वा सूचना देता येते. नियोजन समितीपुढे सुनावणीही होते.

या हक्काचे बळ मुंबईने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात उभ्या इमारतींवरूनही रस्ते दाखविले होते. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये शासनाने फेरतयारीचा आदेश दिला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले, तर २०३४ पर्यंतच्या आराखड्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली.

आपण मात्र घरावर रेषा पडल्याचे कळल्यावर मोर्चा काढतो. तेव्हा मुदत संपलेली असते. म्हणून आम्ही सुचवितो की, वस्तीतील शिकलेल्या तरुणांनी नकाशा वेळीच पाहावा, माता-भगिनींना व वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा, पुराव्यांसह हरकत देऊन पोच घ्यावी आणि सर्वांनी सुनावणीस हजर राहावे. पाणी, गटार, झाडे, मैदान यांची निकड तेथे राहणाऱ्यांनाच नेमकी ठाऊक असते. ती वेळीच कागदावर आली पाहिजे.